शाळेचे धोरण, मुलांच्या नोंदी आणि पालकांचे अधिकार

अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा कामानिमित्त काही वर्षांसाठी तेथे गेलेल्या वाचकांची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांतील बरीचशी मुलांच्या सरकारी शाळेविषयी असतात. तेथे देशभर सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग, आहेत. त्यांतील बहुतेकांचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडून दिलेले स्कूल बोर्ड पाहते आणि परीक्षा, विद्यार्थ्यांच्या नोंदी, संगणक व इंटरनेटचा वापर यांविषयीची धोरणे हे बोर्ड केंद्राच्या आणि राज्याच्या कायद्यांच्या चौकटीत मंजूर करते. ही धोरणे लेखी असतात, मागितल्यास पाहायला मिळतात आणि बहुतेक डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरही असतात. तरीही मुख्याध्यापकांचा शब्द अखेरचा मानण्याच्या वळणात वाढलेल्या आपल्या पालकांना धोरणाची प्रत मागणे म्हणजे शाळेशी भांडण उकरून काढणे वाटते. माझ्या मते ही भीड मुलांना महाग पडते, म्हणून यावेळी निवडलेल्या पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : मुलीला शाळेत घालताना ‘घरी कोणती भाषा बोलता’ या प्रश्नाला आम्ही ‘मराठी’ असे उत्तर लिहिले. आता शाळेने तिची इंग्रजीची चाचणी घेणार असल्याचे कळवले आहे. मुलगी इंग्रजी उत्तम बोलते. ओळखीचे लोक म्हणतात की आम्ही ‘इंग्रजी’ लिहायला हवे होते. आता उत्तर बदलता येईल का? (एक आई, सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

आपण खरे उत्तर लिहिले, ते योग्यच केले. त्या अर्जाला होम लँग्वेज सर्व्हे म्हणतात. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला नुसते वर्गात बसवून ठेवणे म्हणजे त्याला शिक्षणाची संधी नाकारणे होय, असे तत्त्व मान्य झाले. अशी मुले कोण हे ओळखण्याची जबाबदारी त्यामुळे शाळांवर आली आणि हा अर्ज त्या ओळखीची पहिली पायरी आहे. अर्जातील उत्तरावरून मुलीला इंग्रजी येत नाही असे कोणी ठरवत नाही. फक्त चाचणी घ्यायची की नाही एवढेच ठरते.

कॅलिफोर्नियात या चाचणीचे नाव एल्पॅक असे आहे. पहिली चाचणी प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत घेतली जाते. आपली मुलगी तीत सहज उत्तीर्ण झाली, तर तिची नोंद ‘सुरुवातीपासून इंग्रजीत प्रवीण’ अशी होते आणि विषय तेथेच संपतो. नाहीतर तिची नोंद इंग्रजी शिकणारी विद्यार्थिनी म्हणून होते, तिला इंग्रजीचे जादा साहाय्य मिळते आणि दर वसंत ऋतूत एल्पॅकची वार्षिक चाचणी द्यावी लागते. त्या यादीतून बाहेर पडण्यासाठी एल्पॅकमधील पातळी, शिक्षकांचे मत, पालकांशी चर्चा आणि मूलभूत कौशल्यांची इंग्रजी भाषक मुलांशी तुलना असे चार निकष लावले जातात. जादा साहाय्याचे वर्ग नाकारण्याचा अधिकार पालकांना आहे, परंतु वर्ग नाकारले तरी वार्षिक चाचणी टळत नाही. हा तपशील अनेकांना उशिरा कळतो आणि मग ते शाळेवर रुष्ट होतात.

अर्जातील उत्तर बदलता येते, पण पहिली चाचणी होऊन गेल्यावर केलेल्या बदलाचा वर्गवारीवर परिणाम होत नाही. चाचणीपूर्वी बदल करायचा झाला, तरी घरात मराठी बोलली जात असताना ‘इंग्रजी’ असे लिहून देणे मला पटत नाही. लाजरे मूल अनोळखी शिक्षिकेपुढे तोंड उघडत नाही आणि त्यामुळे त्याची पातळी कमी लागते, हे खरे आहे. त्यावर उपाय असा की चाचणीपूर्वी मुलीला ती कशासाठी आहे हे सांगावे आणि निकाल अनपेक्षित लागल्यास वर्गशिक्षिकेचे मत लेखी मागून डिस्ट्रिक्टच्या संबंधित विभागाकडे द्यावे. पुढे हायस्कूल संपताना इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना हायस्कूल पूर्ण केल्याच्या पदविकेवर सील ऑफ बायलिटरसी ही मुद्रा मिळते. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून ती प्रथम सुरू केली. बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या संघटनेच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी, मराठीसाठी ही मुद्रा मिळवण्याची सोय आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे का, याची चौकशी आतापासून करून ठेवावी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर झालेल्या मारामारीत माझ्या मुलाचे नाव आले. प्रत्यक्षात तो भांडण सोडवत होता. त्याच्या फाइलमध्ये त्याविषयी काही लिहिले आहे असे आता कळले. मी फाइल पाहायला मागितली तेव्हा कार्यालयातील बाईंनी ‘ती अंतर्गत बाब आहे’ असे सांगितले. मला काही अधिकार आहे का? (एक वडील, एडिसन परिसर, न्यू जर्सी)

आहे, आणि तो पक्का आहे. कुटुंबांचे शैक्षणिक अधिकार व खासगीपण यांविषयीचा जो कायदा फर्पा या लघुनामाने ओळखला जातो, तो १९७४ सालापासून लागू आहे. केंद्र सरकारचा शिक्षण निधी घेणारी प्रत्येक शाळा त्याच्या कक्षेत येते, म्हणजे सर्व सरकारी शाळा आल्या. त्यानुसार मुलाविषयी शाळेने ठेवलेल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा पालकांना अधिकार आहे आणि शाळेने त्या मागणीच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत दाखवल्याच पाहिजेत. राज्ये ही मुदत कमी करू शकतात. न्यू जर्सीच्या नियमांत ती १० दिवसांची आहे, तर कॅलिफोर्नियात कामकाजाच्या ५ दिवसांची. शिस्तभंगाची नोंद ही शैक्षणिक नोंदच असते. त्यामुळे तिला अंतर्गत बाब म्हणणे चुकीचे आहे, मग त्या बाईंनी ते अज्ञानापोटी म्हटले असो वा घाईत.

पालकांच्या नजरेआड राहू शकतात ती टिपणे निराळी. एखाद्या शिक्षकाने किंवा समुपदेशकाने केवळ स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेली आणि तात्पुरत्या बदली शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणालाही न दाखवलेली टिपणे या अधिकारात येत नाहीत. मात्र तेच टिपण मुख्याध्यापकांना दाखवले गेले, की त्याचे ते खासगी स्वरूप उरत नाही.

आता दुरुस्तीविषयी. नोंद चुकीची, दिशाभूल करणारी किंवा मुलाच्या खासगीपणाचा भंग करणारी असेल, तर ती बदलण्याची मागणी आपण करू शकता. शाळेने नकार दिला, तर सुनावणी मागता येते. ती अशा व्यक्तीपुढे व्हावी लागते जिचा निकालाशी थेट हितसंबंध नाही. तेथेही निर्णय विरुद्ध गेला, तरी आपले म्हणणे लेखी देऊन ते त्या नोंदीसोबत कायम जोडून ठेवायला लावण्याचा अधिकार उरतो आणि ती नोंद पुढे कोणाला पाठवली गेली, की आपले निवेदनही तिच्यासोबत जाते. आपल्या मुलाच्या बाबतीत या निवेदनाला मी फार महत्त्व देईन, कारण डिस्ट्रिक्ट बदलले की जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे नोंदी पालकांच्या संमतीविनाही जाऊ शकतात.

या अधिकाराला एक मर्यादा आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. शिक्षकाने दिलेली श्रेणी आपल्याला अन्यायाची वाटते म्हणून ती या मार्गाने बदलून घेता येत नाही; गुण चुकीचे नोंदले गेले असतील तरच येते. श्रेणीविषयीच्या तक्रारीसाठी शाळेची वेगळी पद्धत असते.

कृपया तोंडी विनंतीवर थांबू नका. मुख्याध्यापकांना तारीख घालून ई-मेल लिहा, ‘माझ्या मुलाच्या सर्व शैक्षणिक नोंदी, शिस्तविषयक नोंदींसह, मला पाहायच्या आहेत’ असे स्पष्ट लिहा आणि कायद्याचे नाव घाला. प्रतींसाठी शाळा वाजवी शुल्क घेऊ शकते, मात्र नोंद शोधण्याचे शुल्क घेऊ शकत नाही. मागणी प्रलंबित असताना ती नोंद नष्ट करण्यास कायद्याने मनाई आहे. इतके करूनही दाद लागली नाही, तर घटना कळल्यापासून १८० दिवसांच्या आत केंद्राच्या शिक्षण खात्यातील विद्यार्थी-खासगीपण विभागाकडे तक्रार करता येते. या कायद्याच्या भंगासाठी व्यक्तीला स्वतः दावा लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात ठरवले असल्यामुळे वकिलाकडे धाव घेण्याआधी हा तक्रारीचा मार्ग नीट वापरावा.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. नोव्हेंबरमध्ये ती १८ वर्षांची झाली आणि तिचे गुण आम्हाला दिसणे बंद झाले. फी, जेवणखाण, सगळे आम्हीच करतो. हे कसे? (एक आई-वडील, शिकागोजवळ)

फर्पाखालील अधिकार मूल १८ वर्षांचे झाले किंवा महाविद्यालयात गेले, की पालकांकडून त्या विद्यार्थ्याकडे जातात, मग तो अजून हायस्कूलमध्ये का असेना. तरीही मूल करविवरणात आपल्यावर अवलंबून असल्याचे दाखवलेले असेल, तर शाळा पालकांना माहिती देऊ शकते. देऊ शकते एवढेच. तसे तिच्यावर बंधन नाही. मुलीने संमतीपत्रावर सही केली की प्रश्न मिटतो. ती सही तिच्याशी बोलून, तिच्या इच्छेने घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : आम्ही एच-१बी (नोकरीच्या) आणि एच-४ (त्यावरील कुटुंबीयांच्या) व्हिसावर आहोत. शाळेने प्रवेशाच्या वेळी मुलाचे जन्मस्थान, पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक मागितला. ही माहिती पुढे कोणाकडे जाते? सध्याच्या वातावरणात भीती वाटते. (नाव न छापण्याची विनंती, नॉर्थ कॅरोलिना)

भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून आधी कायदा सांगतो. टेक्सासमधील प्लायलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निर्णय दिला की कागदपत्रांविना देशात राहणाऱ्या मुलांनाही सरकारी शाळेचे शिक्षण नाकारता येणार नाही. प्रवेशासाठी शाळेला मुलाचे वय आणि डिस्ट्रिक्टच्या हद्दीतील वास्तव्य यांचा पुरावा लागतो. वयासाठी पासपोर्ट हा एक पर्याय असू शकतो, परंतु तोच हवा असा हट्ट शाळेने धरण्याचे कारण नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे केंद्र सरकार देते तो ओळख क्रमांक, दिला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि तो देणे ऐच्छिक असल्याचे शाळेने सांगणे अपेक्षित आहे. एच-४ व्हिसावरील अनेक मुलांकडे तो क्रमांक नसतोच. असला तरी तो रकाना रिकामा ठेवावा असे माझे मत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या अमेरिकेतील शाळांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या विद्यार्थी-माहिती प्रणालीतून जी माहिती चोरीला गेली, तीत काही विद्यार्थ्यांचे हे क्रमांकही होते. जी माहिती शाळेला दिलीच नाही, ती शाळेकडून फुटू शकत नाही.

शाळेकडे असलेली ओळख पटवणारी माहिती पालकांच्या लेखी संमतीविना बाहेर देण्यास फर्पाने सर्वसाधारण मनाई केली आहे. न्यायालयाचा आदेश, वैध समन्स, आरोग्य वा सुरक्षिततेचा तातडीचा प्रसंग असे काही अपवाद आहेत. याखेरीज डिरेक्टरी इन्फर्मेशन नावाचा एक अपवाद आहे, ज्याकडे आपले पालक हमखास दुर्लक्ष करतात. नाव, पत्ता, दूरध्वनी, छायाचित्र, जन्मतारीख, जन्मस्थान, मिळालेली पारितोषिके अशी माहिती डिस्ट्रिक्ट आपल्या धोरणात ‘देण्यास हरकत नसलेली’ म्हणून जाहीर करू शकते आणि पालकांनी लेखी हरकत घेतली नाही, तर ती संमतीविना देऊ शकते. यांतील कोणकोणत्या बाबी आपल्या डिस्ट्रिक्टने यादीत घातल्या आहेत, हे वर्षारंभीच्या सूचनेत लिहिलेले असते. हायस्कूलमधील मुलांचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक सैन्यभरती अधिकाऱ्यांनी मागितल्यास द्यावे लागतात, मात्र पालकांनी लेखी नकार दिलेला असेल तर शाळा ते देत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात हे हरकतपत्र असते आणि त्याला बहुधा मुदत असते. एकाच संध्याकाळी दहा ठिकाणी डोळे मिटून सह्या करण्याऐवजी ते एक पान शोधून वाचावे.

प्रश्न : टेक्सासमध्ये स्टार या राज्याच्या वार्षिक परीक्षेच्या ताणाने आमचा चौथीतला मुलगा रात्री झोपत नाही. त्या दिवशी त्याला घरी ठेवले तर चालेल का? (एक वडील, फ्रिस्को)

कायद्याने चालत नाही. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा वाचन व गणिताची परीक्षा राज्यांना घ्यावीच लागते आणि किमान ९५ टक्के विद्यार्थी तिला बसावेत अशी अपेक्षा आहे. परीक्षेतून मुलाला बाहेर ठेवण्याची मुभा द्यायची की नाही, हे राज्ये ठरवतात. कॅलिफोर्नियात पालकांच्या लेखी विनंतीवरून राज्याच्या बहुतेक परीक्षांतून सूट मिळते. टेक्सासचा कायदा मात्र परीक्षा टाळण्यासाठी मुलाला शाळेतून काढून नेण्याचा अधिकार पालकांना नाही, असे स्पष्ट सांगतो.

तरीही मुलाला धीर देण्यासारखी गोष्ट अशी की केवळ या परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यामुळे पाचवी-आठवीत मुलांना मागे ठेवण्याची जुनी सक्ती २०२१ साली उठवण्यात आली. अनुत्तीर्ण झालेल्या किंवा परीक्षा न दिलेल्या मुलांना जादा शिकवणी मिळते, एवढाच त्याचा परिणाम चौथीत होतो. हायस्कूलमधील पाच विषयांच्या परीक्षा मात्र पदविकेसाठी लागतात. शिवाय स्टार बंद करून २०२७-२८ पासून वर्षात तीन छोट्या चाचण्या घेण्याचा कायदा २०२५ साली झाला आहे. आपल्या मुलाची झोप उडाली असेल, तर त्यामागे परीक्षेचे खरे वजन किती आणि घरातील व वर्गातील बोलण्याने चढवलेले किती, हे शिक्षिकेशी भेटून पाहावे. चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षांच्या आठवणी बाळगणारे आपण पालक, गुणांच्या कागदाला नकळत फार मोठे करतो.

प्रश्न : शाळेने दिलेल्या क्रोमबुक लॅपटॉपवर मुलगा घरी काय करतो हे शाळेला दिसते का? त्याने मित्राशी केलेल्या गप्पांतील एका वाक्यावरून समुपदेशकांनी त्याला बोलावून घेतले. आम्हाला हे विचित्र वाटले. (एक आई, फिलाडेल्फियाजवळ)

दिसते, असे धरूनच चालावे. शाळांना इंटरनेटसाठी केंद्राकडून ई-रेट योजनेखाली २० ते ९० टक्के सवलत मिळते आणि ती हवी असेल तर २००० सालचा बालकांच्या इंटरनेट संरक्षणाचा कायदा पाळावा लागतो. अश्लील आणि अल्पवयीनांना अपायकारक चित्रांना अटकाव करणारी गाळणी बसवणे, मुलांच्या ऑनलाइन वावरावर लक्ष ठेवणारे धोरण करणे आणि ते धोरण जाहीर सभेत मांडणे या त्यातील अटी आहेत. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवा असे मात्र तो कायदा कोठेही म्हणत नाही. गोगार्डियनसारखी सॉफ्टवेअर वापरून शब्दाशब्दावर पहारा ठेवणे हा डिस्ट्रिक्टने स्वतः घेतलेला निर्णय असतो. म्हणूनच त्याविषयी बोर्डाला प्रश्न विचारता येतात आणि ते विचारले पाहिजेत. कोणते सॉफ्टवेअर आहे, ते शाळेच्या वेळेबाहेर चालू असते का, सूचना कोणाकडे जाते, मजकूर किती काळ साठवला जातो, पोलिसांना कधी कळवले जाते, एवढे तरी आपण लेखी विचारावे.

आपल्याच परिसरातील लोअर मेरियन डिस्ट्रिक्टचे प्रकरण या संदर्भात माहीत असावे. तेथे शाळेने दिलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा, यंत्र हरवल्यास शोधण्याच्या सोयीखाली, दुरून चालू केला जात होता आणि मुलांची त्यांच्या घरांतील छायाचित्रे हजारोंच्या संख्येने जमा झाली होती. २०१० साली एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाने खटला भरला. त्याच वर्षी त्यातील दावे ६,१०,००० डॉलरच्या तडजोडीने मिटले. मुलांना आणि पालकांना ही सोय यंत्रात असल्याचे सांगितलेच नव्हते, हा त्यातला सर्वांत गंभीर भाग होता. शेजारच्या न्यू जर्सीने २०१३ मध्ये कायदा करून, दिलेले उपकरण विद्यार्थ्याची माहिती टिपू शकते अशी लेखी सूचना देणे आणि पालकांची पोच घेणे डिस्ट्रिक्टना बंधनकारक केले.

समुपदेशकांनी मुलाला बोलावले, याबद्दल मी शाळेला सरसकट दोष देणार नाही. स्वतःला इजा करण्याचे सूचक वाक्य दिसल्यावर कोणी स्वस्थ बसावे, असे आपल्यापैकी कोणालाच वाटणार नाही. परंतु त्या वाक्याची नोंद फाइलमध्ये झाली का, हे मात्र आपण पाहून घ्यावे. झाली असेल, तर ती शैक्षणिक नोंद आहे आणि न्यू जर्सीच्या पत्रलेखकाला वर जे सांगितले, ते आपल्यालाही लागू पडते, फक्त पेन्सिल्व्हेनियात १० दिवसांचा तो नियम नसून केंद्रीय कायद्याची ४५ दिवसांची मर्यादा धरावी.

मुलाने स्वतःच्या फोनवर, घरून, सुट्टीच्या दिवशी काही लिहिले, तर गोष्ट बरीच बदलते. पेन्सिल्व्हेनियातीलच महानॉय डिस्ट्रिक्टने, चीअरलीडिंगच्या मुख्य संघात निवड न झालेल्या मुलीने शनिवारी स्नॅपचॅटवर टाकलेल्या शिवराळ मजकुरासाठी तिला वर्षभर संघाबाहेर ठेवले होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी मुलीच्या बाजूने निकाल दिला. धमक्या आणि छळ यांबाबत शाळेचा हात शाळेबाहेरही पोहोचू शकतो, हे न्यायालयाने त्याच निकालात मान्य केले आहे. मुलाला एक साधी गोष्ट शिकवावी, की शाळेच्या खात्याने घरच्या संगणकावरील ब्राउझर उघडला तरी शाळेचे नियम आणि शाळेची देखरेख त्या खात्यासोबत येऊ शकते. खासगी बोलण्यासाठी शाळेचे खाते वापरूच नये.

प्रश्न : आम्ही येत्या मे महिन्यात पुण्याला परत येत आहोत. येथील शाळा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ देत नाही. काय करावे? (एक वडील, सिअ‍ॅटलजवळ)

आपल्याकडील दाखल्यासारखा कागद तेथे नसतो, पण त्याचे काम करणारे कागद मिळतात. निघण्यापूर्वी शाळा सोडल्याची नोंद असलेले पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने डिस्ट्रिक्टच्या लेटरहेडवर मागावे. त्यात प्रवेशाची व सोडल्याची तारीख, पूर्ण केलेली इयत्ता, जन्मतारीख आणि पुढील इयत्तेस पात्र असल्याचा उल्लेख असावा. सर्व वर्षांची प्रगतिपत्रके आणि लसीकरणाची नोंद सोबत घ्यावी. मूल हायस्कूलमध्ये असेल, तर मोहोरबंद पाकिटातील ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सर्व विषयांच्या अधिकृत गुणपत्रकाच्या, दोन-तीन प्रती घ्याव्यात. पुण्यातील ज्या शाळेत प्रवेश घ्यायचा, तिला आणि तिच्या मंडळाला यांतील कोणत्या कागदावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन, हवे, हे आधीच लेखी विचारून ठेवावे, कारण वॉशिंग्टन राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून मिळणारे अपोस्टिल पुण्यात बसून मिळवणे वेळखाऊ होते. त्यासाठी शाळेच्या पत्रावरील सही नोटरीपुढे केलेली असावी लागते. बारावी तेथे पूर्ण करून येणाऱ्यांना भारतीय विद्यापीठांसाठी समकक्षता प्रमाणपत्र लागते, त्याचा अर्ज वेगळा करावा. मुलाला विशेष शिक्षणाचा आयईपी, म्हणजे त्याच्यासाठी आखलेला वैयक्तिक आराखडा, असेल, तर त्याची आणि मूल्यमापनाच्या अहवालांची पूर्ण प्रत आताच मागा. जूनच्या मध्यावर शाळेला सुट्टी लागली, की अनेक शाळांची कार्यालये मोजके दिवसच उघडी असतात, त्यामुळे हा अर्ज एप्रिलमध्ये दिलेला बरा.